दोन्ही हात लागले पाहिजेत

आम्ही रेवदंड्याच्या बचतगटातल्या बायका. आज बोलायचंय लहान मुलांच्या पोहण्याच्या शर्यतीबद्दल.

आमच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. पूर्वी वाडीतल्या विहिरीत पाठीला डबा नाहीतर कमरेला सुका भोपळा बांधून पोरांना पोहायला शिकवायचे. भाऊ शिकले, आम्ही काठावरून बघत राहिलो. आपल्या मुलींचं तसं होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा गाडी करून त्यांना तलावावर न्यायला लागलो. पोशाखावरून बोलणी बसली, तीही ऐकली.

पोहायला येताच आम्हालाच शर्यतीची घाई झाली. गेल्या वर्षी एकीची नऊ वर्षांची लेक ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सगळ्यांच्या आधी पोहोचली, पण पंचांनी तिला बाद केलं. आम्ही तावातावाने भांडायला गेलो. या प्रकारात भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात, तिचा एकच लागला होता. आम्हाला नियमच ठाऊक नव्हता. पोर रडली ती आमच्या भांडणाने. महिनाभर ती पाण्यात उतरली नाही.

तेव्हा शिकलो ते सांगतो. आधी पाण्यात तोंड घालून श्वास सोडणं आणि पाठीवर निवांत तरंगणं पक्कं होऊ द्या. मग फ्रीस्टाईल आणि बॅकस्ट्रोक, त्यानंतर ब्रेस्टस्ट्रोक. बटरफ्लायला ताकद लागते, ते शेवटी. पहिली शर्यत २५ मीटरची पुरे. मोठा तलाव ५० मीटरचा असतो, म्हणजे त्याच्या निम्मी. प्रत्येक वेळचे सेकंद वहीत लिहा. मुलीची तुलना शेजारणीच्या लेकीशी नको, तिच्याच मागच्या वेळेशी करा. नियम आपणही शिकून घ्या. बॅकस्ट्रोक पाठीवरच संपवायचा, इशाऱ्याआधी उडी मारली तर बाद.

घाई नको म्हणजे स्वप्न नको असं नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर तर समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यात लहान मुलांसाठी कमी अंतराच्या शर्यती असतात.

पण एक ध्यानात ठेवा. तलावात पहिलं आलेलं मूल खाडीत सुरक्षित असतंच असं नाही. तलावाचं पाणी थांबलेलं असतं, खाडीच्या मुखाशी ओहोटी माणसाला बाहेर ओढते. जाणत्या माणसाशिवाय मुलांना तिथे सोडू नका.

आणि मुलगी वयात आली म्हणून तिचं पोहणं बंद करू नका. इतकी वर्षं शिकलेलं वाया जातं.

ती लेक आता परत पोहते. परवाच्या शर्यतीत चौथी आली. बाहेर येऊन आईला म्हणाली, "आई, दोन्ही हात लागले!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

तुमच्या गटातही हा विषय काढा.