मजुरीचा किमान दर आणि अमेरिकेंतील स्पॅनिशभाषी कामकरी

अमेरिकेच्या टेक्सास संस्थानाच्या पश्चिम टोंकाला, रिओ ग्रांदे नदीच्या कांठीं, एल पासो हें शहर वसलेलें आहे. शहरांतील दर पांच माणसांपैकीं चार माणसें हिस्पॅनिक, म्हणजे मेक्सिको किंवा दुसऱ्या एखाद्या स्पॅनिशभाषी देशाशीं नातें सांगणारीं आहेत. शहराची वस्ती वाढतां वाढतां शेजारच्या न्यू मेक्सिको संस्थानाच्या हद्दीला जाऊन भिडली आहे. पलीकडे सनलँड पार्क नांवाचें गांव लागतें. मध्यें जकातीचें नाकें नाहीं कीं पहारा नाहीं. तरी हद्दीच्या अलीकडे उपाहारगृहांत भांडीं घासणाऱ्या माणसाला कायद्यानें तासाला निदान ७ डॉलर २५ सेंट द्यावे लागतात, आणि पलीकडे तेंच काम करणाऱ्याला १ जानेवारी २०२३ पासून निदान १२ डॉलर. नदी ओलांडून दक्षिणेस गेलें कीं मेक्सिकोचें सिउदाद ख्वारेस शहर लागतें. तेथील कायदा मजुरी तासावर नव्हे, दिवसावर बांधतो. १ जानेवारी २०१९ रोजीं मेक्सिकोच्या सरकारनें या सरहद्दीच्या पट्ट्यांतील किमान रोजी ८८ पेसोंवरून एकदम १७६ पेसोंवर नेली. आणि अशी दुप्पट झालेली रोजीहि त्या वर्षीं टेक्सासमधील सव्वा तासाच्या मजुरीएवढीच भरत होती. एकाच खोऱ्यांत, एकाच भाषेचीं, पुष्कळदां एकाच आडनांवाचीं माणसें आपला दिवस तीन निरनिराळ्या किमतींना विकतात.

अमेरिकेंत किमान मजुरी वाढवावी कीं नाहीं, या वादांत हिस्पॅनिक कामकऱ्यांचें नांव वारंवार कां निघतें, हें या खोऱ्यावरून ध्यानांत यावें. २०२० च्या शिरगणतींत त्या देशांत ६ कोटि २१ लक्ष हिस्पॅनिक माणसें मोजलीं गेलीं, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के. हा शब्द वंशाचा नव्हे. मायामी येथील क्यूबन डॉक्टरहि त्यांत येतो आणि ग्वाटेमालाच्या डोंगरांतून येऊन कॅलिफोर्नियांत स्ट्रॉबेरी खुडणारी बाईहि येते. परंतु शेतमजुरी, स्वयंपाकघरें, खाटीकखाने, घरबांधणी आणि झाडलोट या कामांत यांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणाहून फार मोठी आहे. पूर्ण वेळ राबणाऱ्या हिस्पॅनिक माणसाची मध्यम साप्ताहिक कमाई गोऱ्या माणसाच्या कमाईच्या सुमारें पाऊणपट असते. तेव्हां तळचा दर हलला कीं त्याचा धक्का प्रथम कोणाच्या घरीं पोंचणार, हें उघड आहे.

हा तळचा दर प्रथम १९३८ सालीं ठरला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्या वर्षीच्या जून महिन्यांत कायद्यावर सही केली आणि तासाला २५ सेंट हा दर ठरला. पण शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यांतून वगळले गेले. दक्षिणेंतील सभासदांच्या मतांवांचून कायदा पार पडणें कठीण होतें, आणि शेतांवरील स्वस्त मजूर हातचा जाऊं देण्यास ते सभासद तयार नव्हते. दक्षिणेंत हा मजूर बहुधा नीग्रो होता, नैर्ऋत्येस मेक्सिकन. कायद्यांत कोणत्याहि जातीचें नांव नव्हतें. धंद्याचें नांव घातलें कीं जात आपोआप बाहेर पडे. पुढें १९४२ पासून १९६४ पर्यंत ‘ब्रासेरो’ योजनेखालीं मेक्सिकोहून करारानें मजूर आणले गेले. १९६५ च्या सप्टेंबरांत कॅलिफोर्नियांतील डेलानो गांवीं द्राक्षांच्या मळ्यांत फिलिपिनो मजुरांनीं संप पुकारला, आणि आठवड्याभरांत सीझर चावेझ व डोलोरेस ह्वेर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांस येऊन मिळाली. मागणी होती तासाला १ डॉलर ४० सेंटांची. १९६६ सालीं काँग्रेसनें कायदा दुरुस्त करून मोठ्या शेतांवरील मजुरांना प्रथमच त्याच्या छायेखालीं घेतलें. पण १९६७ सालीं कारखान्यांतील जुन्या हक्कदाराला १ डॉलर ४० सेंट, तर शेतांतल्याला १ डॉलर, असा भेद राहिला. हे दोन दर सारखे व्हावयास १९७८ साल उजाडलें.

येथें एक गोष्ट सहज आठवते. हिंदुस्थानांत डॉ. आंबेडकर हे मजूर खात्याचे सभासद असतांना १९४६ सालीं किमान वेतनाचें विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळांत आलें, आणि १९४८ सालीं जो कायदा झाला त्याच्या परिशिष्टांत शेतीचा समावेश पहिल्या दिवसापासून होता. अंमलबजावणीचा प्रश्न निराळा. पण श्रीमंत लोकशाहीला जें लिहिण्यास २८ वर्षें लागलीं, तें गरीब देशानें आरंभींच लिहून ठेवलें, याची नोंद व्हावी.

मजुरी वाढविल्यानें मजुराचें हित होतें कीं त्याचें काम जातें, या प्रश्नाची सर्वांत कडक परीक्षा न्यू यॉर्कमध्यें झाली नाहीं. ती पोर्तो रिको या बेटांत झाली. हें बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यांत आहे, आणि तेथील लोक स्पॅनिश बोलतात. १९३८ चा २५ सेंटांचा दर जसाच्या तसा बेटालाहि लागू झाला. त्या वेळीं तेथें हजारों स्त्रिया घरीं बसून हातरुमालांवर व झबल्यांवर कशिदा काढीत. कापड न्यू यॉर्कहून येई, काम होऊन परत जाई, आणि मोबदला तासाला कांहीं थोडे सेंट पडे. जेथें चालू भाव इतका खालीं आहे तेथें २५ सेंटांचा हुकूम म्हणजे पगारवाढ नव्हे, दुकानबंदी. व्यापाऱ्यांनीं काम आंखडलें, निर्यात घसरली, आणि दोन वर्षांच्या आंत, १९४० सालीं, काँग्रेसला माघार घेऊन बेटासाठीं धंद्याधंद्याचे वेगळे दर ठरविणाऱ्या समित्या नेमाव्या लागल्या. १९७४ पासून पुन्हां बेटाचे दर मुख्य भूमीच्या बरोबरीला आणण्यास सुरुवात झाली. त्या काळाचा अभ्यास करून कास्तियो-फ्रीमन आणि फ्रीमन या अर्थशास्त्रज्ञांनीं १९९२ सालीं असा निष्कर्ष काढला कीं बेटांतील रोजगार यामुळें बराच घटला. तीन वर्षांनीं ॲलन क्रूगर यांनीं तेच आंकडे पुन्हां तपासले आणि तो पुरावा दिसतो तितका पक्का नसल्याचें दाखविलें. शिवाय बेटांतील लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. काम मिळेना झालें कीं ते न्यू यॉर्कची वाट धरतात, आणि मग बेकारीच्या वहींत त्यांचें नांवच राहत नाहीं.

तरी १९३८ ते १९४० चा धडा खोटा ठरत नाहीं. दर मोठा कीं लहान हें डॉलरांवर ठरत नाहीं, त्या ठिकाणच्या चालू मजुरीवर ठरतें. हाच दर सॅन फ्रान्सिस्कोला जाणवतहि नाहीं आणि टेक्सासच्या दक्षिण टोंकाच्या मॅकॅलनसारख्या गरीब, जवळ जवळ संपूर्ण हिस्पॅनिक गांवीं तो डोईजड होऊं शकतो. म्हणून संपूर्ण देशाला एकच उंच दर लावण्याची घाई करणाऱ्यांनीं पोर्तो रिकोच्या कशिदेवाल्या स्त्रियांची आठवण ठेवणें बरें.

दुसऱ्या बाजूचा पुरावा याहून हलका नाहीं. १ एप्रिल १९९२ रोजीं न्यू जर्सी संस्थानानें आपला दर ४ डॉलर २५ सेंटांवरून ५ डॉलर ५ सेंटांवर नेला. डेव्हिड कार्ड आणि वर उल्लेखिलेले क्रूगर यांनीं तेथील आणि शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाच्या पूर्व भागांतील मिळून ४१० उपाहारगृहांची वाढीपूर्वीं व वाढीनंतर पाहणी केली. न्यू जर्सींत नोकर कमी झाल्याचें दिसलें नाहीं. या निबंधावर पुढें पुष्कळ हल्ले झाले, पण २०२१ सालीं कार्ड यांना नोबेल पारितोषिक मिळालें. क्रूगर त्यापूर्वीं दोन वर्षें वारले होते. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत १९७९ ते २०१६ या काळांतील निरनिराळ्या संस्थानांच्या १३८ दरवाढी तपासल्या, तेव्हांहि कमी पगाराच्या नोकऱ्यांची एकूण संख्या जवळ जवळ तितकीच राहिल्याचें आढळलें.

असें कां व्हावें? बाजारांत भाव वाढला कीं गिऱ्हाईक कमी होतें, हा नियम मजुरीला कां लागू नये? याचें उत्तर असें कीं मजूर आणि मालक हे बाजारांत बरोबरीनें उभे नसतात. ज्या बाईला इंग्रजी येत नाहीं, जिच्यापाशीं मोटार नाहीं, जिला गांवांतील दोनच ठिकाणीं काम मिळण्यासारखें आहे, ती तासाला एक डॉलर कमी मिळतो म्हणून काम सोडून जात नाहीं. मालकाला हें ठाऊक असतें. तिच्या श्रमाचें मोल तिला मिळणाऱ्या पैशाहून अधिक असतें, आणि मधला फरक मालकाकडे राहतो. कायद्यानें दर चढविला तर प्रथम हा फरक खर्ची पडतो. नोकरी जाण्याची पाळी त्यानंतर येते. हंगामी परवान्यावर आलेल्या शेतमजुराची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे: त्याचा परवाना एकाच मालकाच्या नांवाशीं बांधलेला असतो.

मात्र फरक संपला कीं यंत्र येतें. ब्रासेरो योजना १९६४ अखेर बंद झाली तेव्हां मेक्सिकन मजूर गेल्यानें अमेरिकन मजुराचा भाव वाढेल अशी अपेक्षा होती. डबाबंद करण्याच्या टोमॅटोचें पीक त्या वेळीं मुख्यतः ब्रासेरोच काढीत. डेव्हिस येथील विद्यापीठांत तोडणीचें यंत्र, आणि यंत्राचा धक्का सोसेल असा घट्ट सालीचा टोमॅटो, हीं दोन्हीं तयारच होतीं. दशक संपतांना कॅलिफोर्नियांतील या पिकाची जवळ जवळ सर्व तोडणी यंत्रानें होऊं लागली. स्ट्रॉबेरी अद्याप हातानेंच खुडावी लागते, म्हणून स्ट्रॉबेरीच्या मजुराला अद्याप भीति कमी.

केंद्राचा ७ डॉलर २५ सेंटांचा दर २४ जुलै २००९ पासून हललेला नाहीं. या दरानें वर्षभर आठवड्याला ४० तास राबणाऱ्याच्या हातीं १५,०८० डॉलर येतात. तेव्हांपासून महागाईनें त्या दराची सुमारें ३० टक्के किंमत खाल्ली आहे. १९६८ सालचा १ डॉलर ६० सेंटांचा दर २०२४ च्या भावांत मोजला तर १४ डॉलरांहून अधिक भरतो. बक्षिसीवर राहणाऱ्या वाढप्यांचा मूळ दर तर १९९१ पासून २ डॉलर १३ सेंटच आहे. बक्षिसी धरून ७ डॉलर २५ सेंट न भरल्यास उणें पडेल तें मालकानें द्यावें, असा नियम आहे, पण तो हिशेब ठेवतो मालकच. केंद्राच्या दरावर किंवा त्याहून खालीं काम करणारे २०२३ सालीं तासावर मजुरी घेणाऱ्यांपैकीं केवळ १.१ टक्के उरले होते. म्हणजे हा दर आतां बहुतेक ठिकाणीं नांवापुरताच आहे, आणि त्यांत एखाद्या डॉलरची भर घातल्यानें फारसें कांहीं साधणार नाहीं. खरा प्रश्न ८ डॉलरांपासून १५ डॉलरांपर्यंतच्या पट्ट्यांतल्या माणसांचा आहे.

काँग्रेसच्या अंदाजपत्रक कचेरीनें २०२१ च्या फेब्रुवारींत या प्रश्नाचा ताळेबंद मांडला. २०२५ पर्यंत दर १५ डॉलर केल्यास १ कोटि ७० लक्ष लोकांची मजुरी सरळ वाढेल, ९ लक्ष माणसें दारिद्र्यरेषेच्या वर येतील, आणि १४ लक्ष नोकऱ्या जातील, असा तिचा अंदाज होता. दोन्ही पक्षांनीं या एकाच अहवालांतून आपापल्या सोयीचा आंकडा उचलला. पुढच्याच महिन्यांत सेनेटनें ती सूचना ५८ विरुद्ध ४२ मतांनीं फेटाळली. हिस्पॅनिक कुटुंबापुरतें बोलावयाचें तर हे दोन्ही आंकडे एकाच घरांत येण्याचा संभव आहे: बाप स्वयंपाकघरांत जुना, म्हणून त्याची मजुरी वाढेल, मुलगा अठरा वर्षांचा व नवखा, म्हणून त्याला कोणी घेणार नाहीं.

उरला तो परवान्यावांचून राहणाऱ्यांचा प्रश्न. त्यांची संख्या मोठी असून त्यांत स्पॅनिशभाषी बहुसंख्य आहेत. अशा माणसाला किमान मजुरी मागतां येते काय? याचा महत्त्वाचा निकाल ११ व्या विभागाच्या अपील न्यायालयानें १९८८ सालीं दिला, आणि फिर्यादी मेक्सिकन नव्हता, हिंदी होता. प्रवाशाच्या परवान्यावर अमेरिकेंत जाऊन तो मुदतीनंतर तेथेंच राहिला, आणि अलाबामा संस्थानांतील एका मोटेलांत झाडलोट व दुरुस्तीचें काम करूं लागला. आपल्याला पुरी मजुरी मिळाली नाहीं, अशी त्याची तक्रार होती. न्यायालयानें ठरविलें कीं काम केलें असेल तर कायद्याचा दर मिळालाच पाहिजे, मग परवाना असो वा नसो; नाहीं तर बेकायदा माणूस ठेवणेंच मालकाला स्वस्त पडेल. परंतु २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं असा निर्णय दिला कीं संघटनेच्या कामासाठीं ज्याला काढून टाकलें, तो जर परवान्यावांचूनचा असेल, तर न केलेल्या कामाचा बुडालेला पगार त्याला मागतां येणार नाहीं. केलेल्या कामाचे पैसे मागण्याचा त्याचा हक्क शाबूत आहे. मागितल्यावर नोकरी गेली तर भरपाईचा आधार मात्र तोकडा. अशा माणसाच्या बाबतींत दर १२ असो कीं २०, त्याच्या हातीं किती पडतें हें तपासनीस मळ्यावर किती वेळां येतो यावर पुष्कळसें ठरतें.

कॅलिफोर्नियानें १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या साखळी उपाहारगृहांसाठीं २० डॉलरांचा दर केला. नोकऱ्या गेल्या कीं नाहीं यावर तेथील विद्वानांचें अद्याप एकमत नाहीं. पोर्तो रिकोनेंहि, या वेळीं आपल्याच कायद्यानें आणि पायरीपायरीनें, २०२२ सालीं ८ डॉलर ५० सेंट, २०२३ सालीं ९ डॉलर ५० सेंट आणि २०२४ सालीं १० डॉलर ५० सेंट असा दर चढविला. फ्लोरिडांत २०२० च्या नोव्हेंबरांत सुमारें ६१ टक्के मतदारांनीं दर टप्प्याटप्प्यानें १५ डॉलरांवर नेण्याचा कौल दिला, आणि त्याच दिवशीं त्याच मतदारांनीं अध्यक्षपदासाठीं रिपब्लिकन उमेदवाराला विजयी केलें. टेक्सासमध्यें असा कौल घेण्याची तरतूदच नाहीं. तेथील कायद्यानें शहरांनाहि खासगी मालकांसाठीं स्वतःचा दर ठरविण्याची मोकळीक ठेवलेली नाहीं. त्यामुळें एल पासोच्या नगरसभेनें कितीहि मनांत आणलें, तरी हद्दीपलीकडचे १२ डॉलर तिला अलीकडे आणतां येत नाहींत. मोटार असलेला कामकरी मात्र सकाळीं उठून तिकडे जाऊं शकतो.