आर्थर अ‍ॅश स्टेडियम: कुठे बसावं?

फौजेत निरीक्षण चौकीची जागा निवडताना मी एकच विचारायचो, इथून दिसतं काय? न्यूयॉर्कला यूएस ओपन पाहायला जाणार असाल, तर तिकीट काढतानाही हेच विचारा.

फ्लशिंग मेडोजचं आर्थर अ‍ॅश स्टेडियम १९९७ साली सुरू झालं. २३,००० हून अधिक आसनांचं हे जगातलं सर्वांत मोठं टेनिस स्टेडियम. अगदी वरून चेंडू बारीक दिसतो. वरच बसायचं असेल, तर बेसलाइनच्या मागे बसा. मान सारखी फिरवावी लागत नाही, फटक्यांचे कोनही नीट कळतात. दुपारी पश्चिमेची बाजू बघा, तिथे सावली आधी येते. आमच्या वयात ऊन आणि जिने, दोन्ही हिशेबात धरावे लागतात.

पेन्शनमधून खर्च करणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात ग्राउंड्स पास घ्यावा. बाहेरच्या कोर्टांवर उत्तम खेळाडू अगदी जवळून दिसतात.

स्वतः अ‍ॅश १९६८ साली अमेरिकी लष्करात लेफ्टनंट होते. हौशी खेळाडू म्हणून ते ही स्पर्धा जिंकले, पण विजेत्याचे १४,००० डॉलर त्यांना घेता आले नाहीत. त्यांच्या स्टेडियममध्ये महागडी जागा मिळाली नाही, म्हणून खंत करू नका. खेळ दिसला पाहिजे.

जय हिंद!