दुरुस्तीची परीक्षा



संगणकाच्या एका लहानशा दुरुस्तीवर नागपूरच्या या वैशाखातल्या सायंकाळी बोलण्यासारखे काय आहे, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटले असेल. परंतु आपला सातबारा, बँकेतील ठेव आणि रुग्णालयातील नोंद आज कागदापेक्षा डिस्कवरच अधिक असते. ती जिथे लिहिली जाते, तिथली दुरुस्ती कोण व कशी तपासतो, हे जाणण्याचा अधिकार केवळ मिहानात नोकरी करणाऱ्या तरुणांचा नाही. तो आपणां सर्वांचा आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. संगणकाचा मूळ कारभार पाहणारा जो कार्यक्रम, त्याला कर्नल म्हणतात. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेला लिनक्स हा असाच एक कर्नल असून त्याचा सारा मजकूर कोणासही वाचता येतो. कर्नल आणि डिस्क यांच्यामधील दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. डिस्कला दिलेल्या प्रत्येक आज्ञेची एक चिठ्ठी मेमरीत ठेवलेली असते. लिनक्समध्ये स्कझी पद्धतीच्या डिस्कला उत्तर देण्यास साधारणतः ३० सेकंदांची मुदत मिळते. मुदत टळली की आज्ञा रद्द करण्याची खटपट सुरू होते, आणि शेवटी ती चिठ्ठी फाडून जागा मोकळी केली जाते.

आता असे समजा की, चिठ्ठी फाडली जात असतानाच डिस्कचा उशिरा निघालेला निरोप येऊन पोचला. एक प्रोसेसर चिठ्ठी फाडतो आहे, आणि दुसरा तिच्यावर ‘काम झाले’ असा शेरा मारू पाहतो आहे. चिठ्ठीच्या जागी काहीच सापडत नाही आणि सारा संगणक जागच्या जागी बंद पडतो. ड्रायव्हरांत या जातीचा दोष वारंवार आढळतो.

यावर कोणी एका ओळीची दुरुस्ती सुचवितो : ‘चिठ्ठी नसेल तर परत फिर.’ चाचणी होते; संगणक बंद पडत नाही. मग दुरुस्ती मंजूर करावी काय?

परीक्षकाचे खरे काम येथे सुरू होते. चिठ्ठी आहे असे पाहिले आणि तिच्यावर लिहिण्यापूर्वीच्या क्षणात दुसऱ्याने ती फाडली, तर काय? पाहणे आणि लिहिणे यांमध्ये फट राहिलीच. याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. आपल्या कळमन्याच्या बाजाराचा दाखला घ्या. एका गाडीची चिठ्ठी रद्द झाली आणि तोच क्रमांक दुसऱ्या गाडीला मिळाला. इतक्यात पहिल्या गाडीचा निरोप आला आणि कारकुनाने दुसरीच्या चिठ्ठीवर ‘माल उतरला’ असे लिहिले. माल गाडीतच, वहीत मात्र उतरलेला! मेमरीतील मोकळी जागाही अशीच दुसऱ्या आज्ञेला मिळू शकते. तेव्हा चिठ्ठी ‘आहे’ असेच दिसेल, आणि न लिहिलेली नोंद लिहिली गेली म्हणून कळविली जाईल. यंत्र बंद पडले तर निदान आपणांस कळते. चुकीची नोंद करून चालू राहिले तर कोणास कळणार?

म्हणून परीक्षक विचारतो : चिठ्ठी नाहीशी का झाली? योग्य उपाय हा की, एका वेळी एकानेच तिला हात लावावा अशी कडी घालावी, किंवा ती किती जणांच्या हाती आहे याची मोजदाद ठेवून शेवटच्यानेच ती फाडावी.

दुरुस्तीच घातक ठरल्याचे उदाहरणही आहे, पण ते ड्रायव्हरच्या वरच्या थरातले, फायलींचा हिशेब ठेवणाऱ्या भागातले. लिहिलेले डिस्कवर खात्रीने पोचावे, म्हणून केलेली एक दुरुस्ती २०२३ साली लिनक्सच्या जुन्या, स्थिर शाखेतही घेण्यात आली. ती ज्या दुसऱ्या बदलावर विसंबून होती, तो मात्र त्या शाखेत आला नाही. परिणामी ६.१.६४ या आवृत्तीत फायली बिघडण्याचा धोका उत्पन्न झाला. डेबियन संस्थेने ९ डिसेंबरला आपली १२.३ ही आवृत्ती थांबविली व दुसऱ्या दिवशी सुधारलेली १२.४ प्रसिद्ध केली. नव्या शाखेत जी दुरुस्ती निर्दोष होती, तीच जुन्या शाखेत घातक ठरली.

कोणी म्हणेल, कचेरीतील काम खोळंबले असता ही चिकित्सा कशाला? आक्षेप खोटा नाही; विलंबालाही किंमत पडते. तात्पुरता टेका अवश्य द्यावा, परंतु तो टेका आहे असे स्पष्ट लिहून ठेवावे. लिनक्समध्ये दुरुस्तीबरोबर मूळ दोष कोणत्या बदलाने आला याचा निर्देश करण्याची, आणि परीक्षकाने आपले नाव घालण्याची प्रथा आहे. नाव घालणे म्हणजे जबाबदारी घेणे होय.

आपणां सामान्यांस तो मजकूर वाचता येणार नाही, हे खरे. परंतु आपल्या संस्थेचे वा पतपेढीचे यंत्र दुरुस्त होऊन आले म्हणजे ‘आता चालते ना?’ एवढ्यावर समाधान मानू नये. ते का बंद पडले होते आणि त्या वेळच्या नोंदी पडताळून पाहिल्या काय, हे विचारावे. या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत दुरुस्ती पुरी झाली असे समजू नये, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.