वरच्यांची न्हाणी, खालच्यांचं छत

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलात ‘देखभाल’. देखभालीवर सगळं बोलायचं तर लिफ्टच्या भाड्यापासून गच्चीवरच्या कबुतरांपर्यंत सगळंच येईल. म्हणून मी एकच गोष्ट निवडली. बाथरूमची गळती. हसू नका. गेल्या २५ वर्षांत आपल्या मीटिंगमध्ये जितके आवाज चढले, त्यातले निम्मे या एका विषयावर चढलेले आहेत, हे जुने सभासद सांगतील.

सहकारी घरांची कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली अशी सोसायटी उभी केली. तेव्हापासून एक गोष्ट काही बदललेली नाही. फ्लॅट माझा, पण स्लॅब दोघांचा. माझी जमीन तीच खालच्या घराचं छत. गावातल्या कौलारू घरात मोरी मागच्या बाजूला असायची, पाणी आळवाच्या वाफ्यात जायचं, गळलं तर आळूच फोफावायचं. इथं गळलं तर खालच्या वहिनींच्या ओट्यावर पडतं.

आता मुद्द्याचं. आपल्या इमारतीत सगळी बाथरूम्स एकाच पद्धतीची आहेत. तिथला स्लॅब बाकी खोल्यांपेक्षा खाली टाकलेला आहे. त्या खड्ड्यात न्हाणी ट्रॅप आणि ड्रेनेजचा पाईप बसवला, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरला आणि त्यावर लादी लावली. बिल्डरनं २५ वर्षांपूर्वी भिंतीत जे पाईप पुरले ते गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचे. वरचा जस्ताचा थर गेला की लोखंड आतून आणि बाहेरून दोन्हीकडून खायला लागतं. त्यात आपल्याकडची हवा खाडीजवळची, दमट, आणि चार महिने धो धो पाऊस. गेल्या वर्षी एका घरातून काढलेला दीड फुटाचा पाईप मी आज आणलाय, बाजूच्या टेबलावर ठेवलाय. अर्ध्या इंचाच्या पाईपमधून पेन्सिलसुद्धा जात नाही, इतका गंज साचलाय. मुलांनी हात लावायला हरकत नाही, नंतर हात धुवा म्हणजे झालं.

गळतं कुठून? इथंच सगळा घोटाळा होतो. डाग जिथं दिसतो तिथं गळती असतेच असं नाही. पाणी कोब्यात झिरपतं, विटांच्या तुकड्यांत साठतं, आणि वाट मिळेल तिथून पाच-सहा फुटांवर बाहेर येतं. आपल्याच एका विंगमधली गोष्ट सांगतो, घर सांगत नाही. खालच्या घरात छताला ओल आली. वरच्यांनी भला माणूस म्हणून लगेच लादी फोडली, नवी टाईल बसवली, चांगला खर्च केला. दोन महिन्यांत ओल परत. खालच्यांना वाटलं, यांनी स्वस्तात उरकलं. वरच्यांना वाटलं, एवढं करूनही यांची कुरकूर आहेच. बोलणं बंद झालं. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं, त्यात एकमेकींना बोलावणं नव्हतं. आणि खालच्या घरातल्या आजी, ज्यांना रात्री दोनदा उठावं लागतं, त्यांच्या पायाजवळ एके दिवशी छताचा तळहाताएवढा पोपडा पडला. एक पाऊल पुढे असत्या तर डोक्यात पडला असता.

कमिटीनं मला बघायला सांगितलं. मी आयुष्यभर बांधकामावर देखरेखीची नोकरी केली, त्यामुळे घाई करायची नाही एवढं मला ठाऊक. आम्ही क्रमानं तपासलं.

पहिलं, वरच्या घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद. गळणं कमी झालं नाही, कारण कोब्यात आधीच पाणी भरलेलं होतं. म्हणून वरच्यांना दोन दिवस मुलीकडे पाठवलं आणि कॉक बंदच ठेवला. तिसऱ्या दिवशी थेंब थांबला. म्हणजे पावसाचं पाणी नाही, बाहेरच्या भिंतीचं नाही, वरच्याच घरातलं आहे. मग कॉक उघडला, पण एकही नळ सोडायचा नाही असं सांगितलं. पूर्ण दिवस थेंब नाही. म्हणजे कायम दाबाखाली असलेला पाईप शाबूत. मग न्हाणी ट्रॅपचं तोंड कापड आणि प्लास्टिकनं घट्ट बंद केलं, नवीन टाईलवर दोन इंच पाणी बांधून ठेवलं, त्यात खायचा लाल रंग टाकला. ४८ तास. खाली काही नाही. शेवटी ट्रॅप मोकळा करून दोन बादल्या रंगीत पाणी एकदम ओतलं. तरी खाली काही नाही. म्हणजे ट्रॅप चांगला, लादीही चांगली. बिचाऱ्यांनी केलेलं काम चोख होतं!

मग उरलं काय? शॉवर. नीट ऐका, कारण हे प्लंबरही विसरतात. मिक्सरच्या वर शॉवरकडे जाणारा जो पाईप भिंतीत आहे, त्यात पाणी फक्त शॉवर चालू असतानाच असतं. बाकी वेळ तो रिकामा. त्यामुळे नळ बंद ठेवून केलेल्या तपासणीत तो कधीच सापडत नाही. आम्ही शॉवरची चाळणी काढली, तिथं बूच बसवलं आणि शॉवरचा कॉक तासभर उघडा ठेवला. बूच लावल्यामुळे पाणी बाहेर येत नाही, पण पाईपवर पूर्ण दाब येतो. संध्याकाळी खाली थेंब हजर. टाईल फोडली तर शॉवरचा दांडा भिंतीतल्या ज्या एल्बोमध्ये आट्यांनी बसतो, तो एल्बो गंजून चिरलेला. रोज आंघोळीच्या वेळी तिथून पाणी भिंतीच्या आत उतरत होतं. दोष ना वरच्यांचा, ना खालच्यांचा. तो एल्बो त्या घराइतकाच जुना होता. दोन्ही घरं आज इथं बसली आहेत, शेजारी शेजारी. मी बघितलं.

शॉवर बंद केल्यावर मिनिटभर ठिबकतो, ते चाळणीत अडकलेलं पाणी असतं. त्याला घाबरू नका. तासाभरानंतरही ठिबकत असेल तर आतला वायसर किंवा कार्ट्रिज गेलेलं आहे. हे काम स्वस्तातलं आहे, पण आपण ‘नंतर बघू’ म्हणतो. सेकंदाला एक थेंब धरा. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर. दिवसाचे चार लिटरच्या वर, वर्षाचे दीड हजार लिटर. ५०० लिटरच्या तीन टाक्या. आपल्या तालुक्यातल्या हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला जातं, आणि इकडे खारेपाटातल्या बायाबापड्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावतात. ते डोळ्यासमोर आणलं की दीड हजार लिटर थोडे वाटत नाहीत. आणि तळमजल्यावाल्यांनी जास्त लक्ष द्यायचं. गच्चीवरची टाकी तुमच्यापासून बारा मीटर उंच, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सव्वा किलोच्या आसपास दाब. वरच्या मजल्यावर शॉवरला धार नाही म्हणून तक्रार असते, खाली त्याच दाबानं वायसर लवकर जातात.

नवा शॉवर बसवताना एकच सांगतो. जुना दांडा जोर लावून फिरवू नका. गंजलेला असेल तर आटे आतच तुटून राहतात आणि मग भिंत फोडावीच लागते. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर दांडा फिरवताना ती सुटून वर येते. भिंत उघडलीच असेल तर मात्र जुना लोखंडी पाईप तेवढाच ठिगळ लावून ठेवू नका. मिक्सरपासून शॉवरपर्यंतचा सगळा बदला, सीपीव्हीसी टाका, आणि जिथं नळ-शॉवर फिरवून बसतो तिथं पितळी आट्यांचा जोड घ्या. प्लास्टिकचे आटे दोनदा फिरवले की चिरतात. टाईल लावण्याआधी वर सांगितलेली बुचाची चाचणी करून घ्या. गवंडी घाई करेल, त्याला चहा द्या.

आता हमरापूरकरांसाठी खास एक गोष्ट. आपल्याकडे पंचक्रोशीत घरटी गणपतीचा कारखाना. कुणाच्याही घरी प्लास्टरची अर्धी गोणी सापडतेच. आणि छताला भेग दिसली की आपला हात आधी त्या गोणीकडे जातो. मूर्ती करणाऱ्यांना मी काय सांगणार, पण तुम्हीच सांगा, ओल्या जागी ठेवलेली प्लास्टरची मूर्ती काय होते? प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. पाणी घातलं की पुन्हा दगडासारखा घट्ट होतो, पण सतत ओल मिळाली की मऊ पडतो. त्याहून वाईट म्हणजे ओल असताना तो सिमेंटशी लागला की दोघांची रासायनिक क्रिया होऊन ते फुगतं आणि बाजूचा चांगला गिलावाही भुसभुशीत करतं. बाथरूमच्या छताला, भिंतीला प्लास्टरचा हात नको म्हणजे नको. ते मूर्तीला आणि दिवाणखान्याच्या छताला. आणि बाथरूमखाली ज्यांनी शोभेचं खोटं छत केलंय, त्यांनी त्यात एक उघडता येणारी खिडकी ठेवा. नाहीतर दोन वर्षं वर काय चाललंय ते कळत नाही आणि एके दिवशी छतच खाली येतं.

दुसरी आपल्याकडची सवय. श्रावण लागला, गणपती जवळ आले की डागावर रंग मारायचा. पाहुणे यायचे असतात, मी समजू शकतो. पण ओल्या गिलाव्यावर मारलेला रंग दसऱ्यापर्यंत फुगून येतो. गळती थांबल्यावर छत सुकायला कोरड्या दिवसांतसुद्धा महिनाभर लागतो. फोडाफोडीचं काम दिवाळीनंतर काढा, होळीपर्यंत रंग होईल. पावसाळ्यात काढलेलं काम म्हणजे ओल्या लाकडानं चूल पेटवणं.

फोडायचंच असेल तर पूर्ण फोडा. कोबा काढून स्लॅब उघडा करा, ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथला भाग काढून आतली सळई बघा. गंज चढलेली सळई मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, दुप्पट तर सहजच, आणि काँक्रीटला आतून फोडते. आजींच्या पायाजवळ पडला तो पोपडा तसाच आला. सळई तारेच्या ब्रशनं साफ करायची, गंजरोधक लावायचं, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरायचं. सळई निम्मी खाल्ली गेली असेल तर मात्र गवंड्यावर सोडू नका, इंजिनिअर बोलवा. नंतर वॉटरप्रूफिंग, कोपऱ्यांना वाटा, भिंतीवर निदान फूटभर चढवून. ट्रॅपकडे उतार. मग सात दिवस पाणी मारा आणि टाईलच्या आधी पाणी बांधून बघा. टाईल न फोडता फक्त फटीत औषध भरून देतो म्हणणारेही येतात. टाईलच्या फटीच गेल्या असतील तर त्याचा उपयोग होतो. पाईप किंवा ट्रॅप फुटला असेल तर पैसे पाण्यात, अक्षरशः.

खर्च कुणी करायचा, यावर भांडण नको म्हणून उपविधी काय म्हणतात ते सांगतो. गच्ची, वरच्या मजल्याच्या छतातून येणारं पावसाचं पाणी, बाहेरच्या सामाईक पाइपलाईन आणि ड्रेनेजलाईनची गळती, स्लॅबची संरचनात्मक दुरुस्ती, हे सोसायटीचं. संडास, सिंक वगैरेंमुळे घरातून होणारी गळती ज्याच्या घरातून होते त्याचं. वाद मिटलाच नाही तर सहकार न्यायालय आहे. पण तिथली तारीख पडेपर्यंत सळई थांबत नाही. म्हणून कमिटीनं आधी दोन्ही घरांसमोर चाचणी करावी, निकाल रजिस्टरमध्ये लिहावा, दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि मगच खर्चाचं बोलावं. खरी अडचण बंद घरांची आहे. मालक कामोठ्याला किंवा ठाण्याला, चावी कुणाकडेच नाही, आणि फ्लश जूनपासून वाहतोय. अशा सभासदांनी चावी शेजाऱ्याकडे किंवा सेक्रेटरींकडे ठेवावी. कॉक बंद करून जाणं तर फुकट आहे.

आणि एक, इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यायची असते. आपण २५ गाठली. मागच्या सर्वसाधारण सभेत हा विषय ‘पुढच्या वेळी’ म्हणून ढकलला गेला. तो येत्या सभेत पहिला घ्यावा, अशी माझी सूचना मी लेखी देतोय. तपासणीला येणाऱ्याला आधी बाथरूमखालची छतं दाखवा. तिथंच तो जास्त वेळ काढेल.

दहाची वीस मिनिटं झाली, अध्यक्ष घड्याळ बघतायत. ज्यांच्या छताला आत्ता डाग आहे त्यांनी आज रात्री पेन्सिलीनं डागाच्या कडेनं रेघ मारून तारीख घाला. पंधरा दिवसांनी डाग रेघेबाहेर गेला असेल तर मला सांगा. मी रविवारी सकाळी घरीच असतो, बूच आणि लाल रंग माझ्याकडे आहे.