घराची शोभा आणि घरचे हात



दिल्लीला पुराना किल्ल्याजवळ भैरों मार्गावर राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय आहे. त्याची स्थापना १९५६ साली झाली. आजच्या वास्तूची रचना वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांची आहे. संग्रहालयाच्या आवारात देशाच्या निरनिराळ्या भागांतील घरांचे एक छोटेसे ग्रामसंकुल असून ते १९७२ च्या प्रदर्शनानिमित्त उभारण्यात आले होते. अशा घरांच्या भिंतींकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांच्या शोभेसाठी बाजारातून फारसे काही आणावे लागत नसे. माती, शेण, गेरू, चुना आणि तांदळाचे पीठ एवढेच ते साहित्य; आणि ते वापरणारे हात घरातल्याच स्त्रियांचे.

शहरात 'स्वस्त सजावट' हा शब्द काहीशा संकोचाने उच्चारला जातो. ज्याला महागडी वस्तू घेणे परवडत नाही त्याने मनाची समजूत घालण्यासाठी करावयाचा हा उद्योग, असा एक समज आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. घर घरच्या माणसांनी सजवावे हीच मूळ रीत होय. सजावट विकत आणणे ही तिच्यानंतरची गोष्ट.

ही रीत बाजारात कशी आली, तो इतिहास फार जुना नाही. १९६६-६७ साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या वतीने भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार मिथिलेत गेले. तेथील स्त्रिया विवाहप्रसंगी भिंतींवर जी चित्रे काढीत, तीच त्यांनी कागदावर काढावीत आणि त्यांतून चार पैसे मिळवावेत, अशी ती योजना होती. पुढे कुलकर्णी डहाणूकडील वारली पाड्यांतही गेले. वारली समाजात लग्नाचा चौक काढण्याचा मान सवाष्ण स्त्रियांचा. परंतु गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी कोणताही विधी नसताना केवळ आनंदासाठी चित्रे काढण्यास आरंभ केला. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. झोपडीच्या कुडावरचे चित्र अशा रीतीने जगभर पोहोचले.

नवशिक्याने आरंभ करावा तो याच साहित्याने. पश्चिम दिल्लीत उत्तम नगर येथे कुंभारांची मोठी वसाहत आहे. तेथून एक साधे, न रंगवलेले मडके आणावे. गेरू तर दिल्लीकरांच्या परिचयाचाच आहे, कारण कुंड्या रंगवण्यासाठी तो घरोघरी वापरला जातो. मूठभर गेरू रात्री पाण्यात भिजत घालावा, सकाळी पातळ फडक्यातून गाळावा आणि त्यात थोडे डिंकाचे पाणी मिसळावे. मडके ओल्या फडक्याने पुसून वाळू द्यावे व मग गेरूचे दोन हात द्यावेत. पहिला हात पुरता वाळल्यावाचून दुसरा देऊ नये.

पांढऱ्या रंगासाठी तांदूळ भिजवून अगदी बारीक वाटावा, गाळावा आणि त्यातही डिंकाचे पाणी घालावे. कुंचला विकत घेण्याचे कारण नाही. बांबूची बारीक काडी टोकाशी ठेचली की तिला केसांसारखे तंतू सुटतात. येथे नवशिक्याची एक फसगत ठरलेली असते. ओला असताना हा रंग फिकट दिसतो, म्हणून तो पुनःपुन्हा चढवण्याचा मोह होतो. वाळल्यावर मात्र तो आपोआप पांढरा उठतो. जाड थर दिला तर त्याला तडे जाऊन पापुद्रे निघतात. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो. म्हणून प्रथम एखाद्या खापरीवर रेघा ओढून पाहाव्यात. अशा मडक्यात रोप लावून पाणी घालू नये, कारण पाणी झिरपून गेरू सुटतो. सुकी फुले किंवा लेखण्या ठेवण्यासाठी ते उत्तम.

आकृतीचे भय बाळगू नये. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्यावर वारली चित्र उभे असते. दोन त्रिकोण टोकाशी जोडले की माणसाचे धड होते. वर एक ठिपका दिला की डोके. ज्याला चित्र काढणे मुळीच जमत नाही, त्याने गोधडीचा मार्ग धरावा. जुन्या साडीचे तुकडे एकावर एक ठेवून धावदोरा घातला, तरी भिंतीवर टांगण्याजोगा सुंदर पडदा तयार होतो.

तथापि एका गोष्टीचा विवेक राखला पाहिजे. लग्नाच्या चौकात पालघट देवी विराजमान असते. ती शोभेची आकृती नव्हे. पायपुसण्यावर किंवा चहाच्या तबकावर तो चौक उतरवणे म्हणजे दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातली मूर्ती उचलून आणणे होय. नवशिक्याने त्रिकोणाची युक्ती अवश्य शिकावी, परंतु विषय स्वतःच्या जगातला घ्यावा : गच्चीवरचे पतंग, बसच्या थांब्यावरची रांग, अंगणातला कडुनिंब. आणि असे मडके विकावयाचे झाल्यास त्याला 'वारली' म्हणू नये. त्या नावाला आज भौगोलिक मानांकनाचे संरक्षण आहे, आणि त्यावर वारली कुटुंबांची भाकरी अवलंबून आहे.

शेवटी या विद्येच्या आयुष्याविषयी. मिथिलेच्या थोर चित्रकर्त्री गंगादेवी यांनी याच संग्रहालयाच्या भिंतींवर कोहबर, म्हणजे वधूवरांची खोली, रंगवली होती. त्या १९९१ साली वारल्या. ती चित्रे नूतनीकरणात नष्ट झाल्याचे २०१५ साली उघडकीस आले, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. ती हानी भरून येणारी नाही. गावातली भिंत मात्र दर सणाला पुसली जाते आणि पुन्हा लिहिली जाते. ती टिकते ती भिंतीमुळे नव्हे, तर लेकीने आईचा हात पाहिलेला असतो म्हणून. ज्या घरात एखादे मूल गेरूने बोटे माखून मडक्यावर पहिली वेडीवाकडी रेघ ओढते, त्या घरात ही विद्या पुढच्या पिढीच्या हाती गेली असे समजावे. मडके फुटले तरी चिंता नाही. उत्तम नगरला दुसरे मिळते, आणि त्याचे पैसे कुंभाराच्या घरी जातात.