बाप, मुलगा, गाढव आणि गॅलरीतला माणूस



बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट आपण अंबरनाथच्या याच शाळेत ऐकली. बाप गाढवावर बसला तरी लोक नावं ठेवतात, मुलगा बसला तरी ठेवतात.

2016 मध्ये कंपनीच्या कामासाठी मी लंडनला होते. तिथे टेट मॉडर्न संग्रहालयात भूपेन खक्कर यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. खक्कर 1934 साली मुंबईत जन्मले. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्याला हिशेबाचं काम सांभाळून चित्रं काढायचे. त्यांच्या 1981 च्या एका चित्रात आपली हीच गोष्ट होती. चित्राच्या नावाचा अर्थ, सगळ्यांना खूश करता येत नाही. रस्त्यावर बाप, मुलगा, गाढव. आणि घराच्या गॅलरीत एक माणूस पाठमोरा उभा, अंगावर कपडा नाही, खाली चाललेलं बघतोय.

तो माणूस म्हणजे स्वतः खक्कर. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी वर्षानुवर्षं लपवलं होतं. आई गेल्यानंतर, सत्तेचाळिशीच्या सुमारास, हे चित्र काढून त्यांनी ते उघड केलं. समलिंगी संबंध तेव्हा आपल्याकडे गुन्हा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा नाही असं 2018 मध्ये सांगितलं. खक्कर 2003 मध्येच गेले होते.

त्या चित्रासमोर मला आपल्या वर्गातला एक मुलगा आठवला. त्याच्या चालण्याबोलण्यावरून आपण त्याला एक नाव पाडलं होतं. बदलापूर लोकलमधून तो उतरला की प्लॅटफॉर्मवरूनच त्या नावाने हाका सुरू व्हायच्या. हाका मारणाऱ्यांत मी होते.

या संमेलनासाठी आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला, त्यात त्यालाही घेतलं. दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ते जुनं नाव लिहिलं. सगळे हसलो. रात्री तो ग्रुप सोडून गेला. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतचे सगळे आज आलेत, तो नाही.

गोष्ट ऐकताना आपण बाप आणि मुलाला हसलो होतो. रस्त्याकडेच्या लोकांकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. ते लोक आपण होतो.

मी त्याला फोन करून माफी मागितली. तो फार बोलला नाही, पण फोन ठेवलाही नाही. तुम्हालाही करायचा असेल तर एकेकट्याने करा, ग्रुपवर नको. आणि संपादक मंडळाला एक विनंती: स्मरणिकेत वर्गाचा फोटो छापाल, तेव्हा त्याखाली त्याचं पूर्ण, खरं नाव छापा.