यादी लिहिणारा कोण?

(ठाकुर्ली येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आठवड्याचे पाच दिवस इतरांसाठी फॉर्म बनवतो. रविवारी इथेच ठाकुर्लीत आम्ही पाच-सहा जण टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळतो. आज त्या खेळासाठी पात्र तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल बोलणार आहे. आल्या आल्या दोघांनी मला विचारलं, की या विषयाचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि बराच जवळचा आहे. पण ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी खेळ सांगतो.

चार-पाच खेळाडू आणि एक सूत्रधार. सूत्रधार प्रसंग सांगतो : तुम्ही किल्ल्याच्या दारात उभे आहात, पहारेकरी तुम्हाला अडवतो. मग प्रत्येक जण आपलं पात्र काय करेल ते सांगतो. कोणी पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवतो, कोणी भिंत चढायला जातो. जमलं की नाही ते फासा ठरवतो. हा फासा बहुतेक वेळा वीस बाजूंचा असतो. पात्राची सगळी माहिती एका कागदावर लिहिलेली असते, त्याला कॅरेक्टर शीट म्हणतात. या प्रकारातला पहिला प्रसिद्ध खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ मध्ये प्रसिद्ध केला.

या खेळात पात्राचे सहा गुण असतात. आमच्या टेबलावर आम्ही त्यांना ताकद, चपळता, दम, बुद्धी, शहाणपण आणि छाप म्हणतो. प्रत्येक गुणाला एक आकडा. पूर्वी तीन फासे टाकून हा आकडा काढत. तिन्हीवर सहा पडून १८ मिळण्याची शक्यता २१६ मध्ये एक. आजच्या नियमांत त्या आकड्यातून १० वजा करायचे, उरलेल्याचे निम्मे करायचे आणि अपूर्णांक खाली ओढायचा. म्हणजे ताकद १४ असेल तर फाशात २ मिळवायचे. १५ असली तरी दोनच. मग त्या दोनावर वार अवलंबून, चढणं अवलंबून, आणि किती ओझं उचलाल ते मूळ आकड्यावर अवलंबून. एक आकडा बदलला की कागदावरचे दहा आकडे बदलतात. त्यात ‘हे कौशल्य घ्यायचं तर ते आधी हवं’ अशा अटी असतात. ‘एकाच प्रकारच्या दोन सवलती असतील तर मोठी धरा, बेरीज करू नका’ अशाही असतात. हाताने हे करताना चुका होणारच. म्हणून पात्र बनवून देणारं सॉफ्टवेअर आलं. तुम्ही यादीतून निवडत जायचं, हिशेब ते करतं.

हिशेब करणं संगणकाला सोपं आहे. ज्या यादीतून आपण निवडतो ती यादी कोणी लिहिली, हा खरा प्रश्न.

१९७४ च्या नियमांत माणसाबरोबर ड्वार्फ, एल्फ, हॉबिट असे काल्पनिक वंश होते. ड्वार्फला फक्त योद्धाच होता येत असे, आणि तोही सहाव्या पायरीपर्यंतच. खेळाडूने कितीही वर्षं खेळावं, कितीही पराक्रम करावा, सातवी पायरी नाही. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत या मर्यादा गेल्या. पण त्याच आवृत्तीत ‘हाफ-ऑर्क’ निवडलात की ताकदीत २ वाढत आणि बुद्धीतून २ वजा होत, छापेतूनही २ वजा. पात्राने अजून काहीच केलेलं नाही, ते नुसतं जन्माला आलंय, आणि बुद्धीचे दोन गुण गेले.

हा खेळ आहे आणि ऑर्क कुठे राहत नाहीत, हे मला कळतं. गंमत म्हणून ते चालूनही जातं. पण ही रचना तुम्हाला ओळखीची वाटली असेल. मी भाड्याने घर शोधत होतो तेव्हा एका एजंटने फोनवर पगार विचारला, कंपनी विचारली, घरात किती माणसं ते विचारलं. मग नाव विचारलं. नाव ऐकल्यावर पुढचे रकाने त्याने मला न विचारता स्वतःच भरले. दुसरीकडे कोणी प्रेमाने म्हणतं, “तुमचं मराठी किती चांगलं आहे!” माझ्या आजीला मराठी सोडून दुसरी भाषा धड येत नव्हती. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याच्या मनातल्या फॉर्मवर ‘मराठी’ आणि ‘मुसलमान’ या दोन गोष्टींपुढे गोल बटणं आहेत, एक दाबलं की दुसरं आपोआप सुटतं. फॉर्म बनवणाऱ्याला ठाऊक असतं, की गोल बटणाच्या जागी चौकोनी खूण टाकणं म्हणजे एका शब्दाचा बदल. एकाऐवजी दोन्ही निवडता येतात. तो बदल करायचा की नाही, हे माणूस ठरवतो.

खेळातही माणसांनीच ठरवलं. वर्षानुवर्षं खेळाडूंनी हा प्रश्न लावून धरला. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एका पुस्तकाने वंशाबरोबर मिळणारे वाढीव गुण हव्या त्या ठिकाणी लावण्याची मुभा दिली. २०२४ च्या नव्या पुस्तकात ‘रेस’ हा शब्दच गेला, ‘स्पीशीज’ आला, आणि गुणांची वाढ पात्राच्या पार्श्वभूमीला जोडली गेली. म्हणजे कोणाच्या पोटी जन्मलात याला नाही, मोठे होताना काय काम केलंत याला. पन्नास वर्षं लागली. पण यादी बदलली, कारण ती माणसांनी लिहिलेली होती.

यादी बदलून खेळ आपला करण्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. गंजिफा हा गोल पत्त्यांचा खेळ. नाव फारसी. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघल गंजिफात आठ रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण ९६. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एक ते दहा. हा खेळ दख्खनेतून पसरत कोकणात गेला. सावंतवाडीच्या गंजिफात आठ रंगांच्या जागी विष्णूचे दहा अवतार आले. दहा गुणिले बारा, १२० पत्ते झाले. प्रत्येक रंगातली राजा, प्रधान आणि एक ते दहा ही मांडणी तीच राहिली. सावंतवाडीच्या राजवाड्यात हे पत्ते आजही हाताने रंगवले जातात. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इंजिन तेच ठेवलं आणि डेटा बदलला. तो बदलायला कोणाची परवानगी लागली नाही, हे लक्षात ठेवा.

सॉफ्टवेअरमध्ये हीच कल्पना ‘पीसीजेन’ने आणली. हा कार्यक्रम २००० च्या सुमारास सुरू झाला. तो जावामध्ये लिहिलेला, मोफत आणि खुला आहे. त्यात वंश, पेशे, कौशल्यं, शस्त्रं यांपैकी काहीही प्रोग्रॅमच्या आत कोंबलेलं नाही. ते सगळं बाहेर, साध्या मजकुराच्या फायलींमध्ये आहे. एक ओळ म्हणजे एक गोष्ट, आणि रकान्यांमध्ये टॅब. नवीन पेशा हवा असेल तर नोटपॅड उघडा आणि ओळ लिहा. जावा यायलाच हवं असं नाही.

याच्या उलट टोकाला कंपनीच्या सर्व्हरवर चालणाऱ्या सेवा आहेत. त्यातली सगळ्यात मोठी ‘डी अँड डी बियॉन्ड’ २०१७ मध्ये सुरू झाली. २०२२ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने ती १४ कोटी ६३ लाख डॉलरला विकत घेतली. वापरायला ती छान आहे, हे मान्य. पण ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं, की लोकांच्या कॅरेक्टर शीटवरचे जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणे बदलतील. खेळाडू चिडले, कंपनीने काही दिवसांत माघार घेतली. माघार घेतली हे चांगलंच झालं. पण पात्र तुमचं आणि यादी दुसऱ्याच्या कपाटात असेल तर काय होऊ शकतं, ते तेव्हा दिसलं.

आमच्या टेबलावर आम्ही सतराव्या शतकातली दख्खन मांडायची ठरवली. तयार सॉफ्टवेअरच्या यादीत ‘नाइट’ होता, ‘पॅलाडिन’ होता. कल्याणच्या एका मैत्रिणीला खाडीत होडी चालवणारी बाई व्हायचं होतं, ती नव्हती. पखालजी नव्हता, शाहीर नव्हता, बाजारात दोन-तीन भाषा बोलून दुभाषाचं काम करणारा नव्हता. १९९२ मध्ये याच खेळाची ‘अल-कादिम’ नावाची अरबी कथांच्या धर्तीची एक मालिका आली होती. जिन्न आणि वाळवंट यांची हौस असेल तर मजेदार आहे. पण कोकणातल्या मुसलमानाला तीसुद्धा परक्याचीच यादी.

म्हणून मी एक छोटा कार्यक्रम लिहिला. त्यात तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या : हिशेबाचे नियम, याद्या, आणि खेळाडूचं पात्र. याद्या साध्या मजकुरात. होडीवालीची ओळ अशी आहे : “खाडीतली नावाडी, चपळता अधिक १, शहाणपण अधिक १, येतं : पोहणं, भरती-ओहोटी ओळखणं, जाळं विणणं”. ती त्या मैत्रिणीने स्वतः लिहिली. भरती-ओहोटीचं मला सुचलंही नसतं.

यादी लिहायला बसलो तेव्हा पहिल्याच रविवारी वाद झाला. एकाचं म्हणणं होतं, की जात आणि धर्म यांचे रकाने हवेत, कारण त्या काळी त्यांवर सगळं ठरायचं. मुद्दा खोटा नव्हता. बराच वेळ बोलून आम्ही असं ठरवलं : पात्र कोणत्या घरातलं, काय मानतं, घरी काय बोलतं, हे खेळाडू हवं तर लिहील, आणि हवी तेवढी उत्तरं लिहील. पण त्या रकान्याला एकही आकडा जोडलेला नसेल. आकडा फक्त शिकलेल्या कामाला. जग त्या पात्राशी अन्यायाने वागलं तर ते सूत्रधाराने गोष्टीत दाखवावं. तो अन्याय पात्राच्या बुद्धीत भरू नये.

मलिक अंबरचं उदाहरण घ्या. जन्म हबशाणातला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा झाला, मुघलांना वर्षानुवर्षं थोपवून धरलं, खडकी शहर वसवलं, तिथे नहरींनी पाणी आणलं. १६२६ मध्ये तो वारला. ‘जन्म : गुलाम’ या ओळीला सहाव्या पायरीची मर्यादा लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे पात्र तयारच होणार नाही. लाल अक्षरात चूक दाखवेल. इतिहासात मात्र तो माणूस होऊन गेला. अशा वेळी दुरुस्ती यादीची करायची.

आता तुमच्यापैकी ज्यांना हे करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी तीन कामाच्या गोष्टी.

पहिली, लिपीची. भरता येणाऱ्या तयार पीडीएफ शीटमध्ये देवनागरी टाकली की बऱ्याचदा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. उपाय सोपा आहे : शीट वेबपान म्हणून बनवा आणि ब्राउझरमधून छापा. ब्राउझरला जोडाक्षरं नीट जुळवता येतात.

दुसरी, नावांची. ‘ख़ान’मधला नुक्त्याचा ख युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एकच अक्षर म्हणून, किंवा ख आणि वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळी नावं. शोधताना माणूस सापडत नाही. म्हणून साठवण्यापूर्वी मजकूर एकाच रूपात आणून घ्या, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने करू नका. संपूर्ण नावाचा एकच रकाना ठेवा, ज्याचं जसं असेल तसं तो लिहील.

तिसरी, परवान्याची. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या मूळ नियमांचा सुमारे ४०० पानांचा मजकूर २७ जानेवारी २०२३ रोजी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. हेही खेळाडूंच्या विरोधामुळे झालं. कंपनीला जुना परवाना बदलायचा होता, लोकांनी तो बदलू दिला नाही. आता श्रेय देऊन कोणीही त्या मजकुराचं मराठी भाषांतर करू शकतं, त्यात भर घालू शकतं, त्यावर सॉफ्टवेअर बनवू शकतं.

मला तुमच्याकडून हवं आहे ते एवढंच. प्रत्येकाने आपल्या घरातल्या, मोहल्ल्यातल्या एका माणसाचं काम नीट विचारून घ्या आणि त्याची एक ओळ लिहा. भिवंडीचा यंत्रमाग कामगार, मुंब्र्याची शिलाईवाली, पहाटे लोकल धरणारी नर्स. तिला काय येतं, ते शिकायला आधी काय यावं लागतं, हे लिहा. एका ओळीत बसवायला गेलं की कळतं, आपल्याला त्या माणसाबद्दल किती कमी ठाऊक होतं.

कोऱ्या शीटा आणि फासे मागच्या टेबलावर ठेवलेत. चहानंतर ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबा, एक डाव खेळू.